हँडल सरळ असताना घेतलेलं माप

रविवारी दुपारी थोरल्या भावाची यामाहा आरएक्स शंभर मोटरसायकल आमच्या गल्लीच्या तोंडाशी कट्ट्याला धडकली. वेग म्हणाल तर सायकलचा. चालवणारा माझा पुतण्या, वय २३, कॉलेजपासून हीच गाडी फिरवतोय. आडवं कुणी आलं नव्हतं, रस्ता कोरडा. डावीकडं गल्लीत वळताना गाडीनं आपणहून झेप घेतली, एवढंच तो परत परत सांगत होता. "काका, मी रेस दिलीच न्हाई वो. देवाशप्पत." मनगट मुरगळलं, हेडलाईटची रिंग चेपली, कट्ट्याचा टवका उडाला.

भावाला वाटलं पोरगं खोटं बोलतंय. मला तसं वाटलं नाही, कारण आदल्या रात्री त्यानं घरीच गाडीचं हँडल बदललं होतं आणि ते मला सोमवारी कळवायचं ठरवलं होतं. आधी कळवलं असतं तर मी नको म्हणालो असतो, हे त्याला माहीत होतं. माझं कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. घरातल्या कुठल्याही बोल्टला हात लावायचा तर मला विचारायचं, अशी एक न बोललेली रीत आहे. ती मोडली म्हणून मला राग आला होता, हेही सांगून टाकतो.

गाडी आणि बेत

गाडी १९९४ ची. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, पुढं-मागं ड्रम ब्रेक. आरएक्स शंभर आपल्याकडं १९८५ ते १९९६ एवढीच निघाली, त्यामुळं ज्यांच्याकडं आहे ते तिला घरातल्या माणसासारखं जपतात. भावानं ती पहिल्या मालकाकडून घेतलेली. एमएच ०९ चा जुना नंबर, रंग कारखान्याचाच. पुतण्या रोज तिच्यावरून गोकुळ शिरगावला कामाला जातो. उंची सहा फूट. "वाकून पाठ धरती" हे त्याचं कारण. अर्धं खरं असेल, उरलेलं अर्धं रंकाळ्यावर संध्याकाळी उभ्या असणाऱ्या गाड्यांत दडलंय.

हँडल त्यानं पाईप वाकवणाऱ्याकडून करून घेतलं होतं. बावीस एमएम पाईप, वर क्रोम. मूळ हँडलला ते गाडीवर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या मध्यापासून मुठीपर्यंत उंची ९ सेंटीमीटर भरली, नव्याला २९. म्हणजे आठ इंचांची वाढ. शिवाय मुठी चालवणाऱ्याकडं बऱ्याच मागं ओढलेल्या.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं अंगणात बल्ब लावून काम केलं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, काळी टेप. दोन वाजता झालं. रेस केबल आणि पुढच्या ब्रेकची केबल दुकानातून "लांबवाली" आणली होती. क्लच केबल जुनीच, पण हेडलाईटच्या आतल्या अंगानं जवळच्या वाटेनं नेऊन पुरवली. स्विचच्या वायरी कापून मध्ये तुकडे जोडले. पहाटे पाचला दोघं जोतिबाला निघाले.

जोतिबाच्या वाटेवर काय झालं

हा भाग मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला, कारण धडकेचं मूळ इथं होतं. शिवाजी पुलावरून वडणग्याच्या बाजूनं केर्लीपर्यंत गाडी ठीक. केर्लीला रत्नागिरी रस्ता सोडून घाट सुरू झाला, तसं इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र चढेना. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली तरी तेच. जळका वास आला. दोघांना वाटलं डबल सीट आहे, जुनी गाडी आहे. वर पोचल्यावर इंजिनाला हात लावता येत नव्हता. दर्शन, नाश्ता, तासभर थांबले. उतरताना अर्थातच काही जाणवलं नाही. पुढचा ब्रेक दाबला की हँडल किंचित पुढं कलतंय असं मित्राला मागून वाटलं, पण तो बोलला नाही. शहरातले सगळे मोठे चौक गाडीनं व्यवस्थित काढले. दगा दिला तो गल्लीच्या तोंडाशी, जिथं हँडल डावीकडं पार टेकेपर्यंत वळवावं लागतं.

तपासणी

मी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, किक मारली. हँडल सरळ: इंजिन संथ, टकटक टकटक, आरएक्सचा नेहमीचा आवाज. हळूहळू डावीकडं वळवलं. अर्ध्यापर्यंत काही नाही. पाऊण झालं आणि आवाज चढायला लागला. टेकवलं तेव्हा इंजिन किंचाळत होतं, आणि माझा हात मुठीवर नव्हता, हँडलच्या दांडीवर होता. पुतण्या बघत उभा होता. बापाकडं वळून म्हणाला, "बघा की आता." भाऊ काही बोलला नाही, फक्त पेट्रोलचा कॉक बंद केला.

कारण साधं आहे. उजवी मूठ हँडलच्या टोकावर आहे आणि इंजिनाला पेट्रोल-हवा देणारा कार्बुरेटर इंजिनावर. हँडल डावीकडं वळलं की उजवी मूठ पुढं जाते, कार्बुरेटर आहे तिथंच राहतो. दोघांतलं अंतर वाढतं. केबलला ढील असेल तर ती ढील खाल्ली जाते. ढील नसेल तर बाहेरचं कव्हर ताणलं जातं, आतली तार ओढली जाते आणि कार्बुरेटरमधली स्लाईड, म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, उघडते. गाडीला कळत नाही की तार कुणी ओढली.

पुतण्यानं केबल मापून आणली होती, अंदाजपंचे नव्हे. सुतळी लावून मूठ ते कार्बुरेटर माप घेतलं होतं, वर दोन इंच जादा धरले होते. फक्त हँडल सरळ ठेवून.

मग क्लच. लिव्हरच्या बुडाशी, जिथं तो फिरतो तिथं, २–३ मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, इथं शून्य. जवळच्या वाटेनं नेलेली जुनी केबल सरळ हँडललाही ताठ, ताण कमी-जास्त करायचा ॲडजस्टर आत पार बसवलेला. याचा अर्थ बोट न लावता क्लच थोडासा दाबलेलाच होता. घाटात क्लचच्या प्लेटा घसरल्या, इंजिनाची ताकद उष्णतेत गेली, वास तिथून आला. हँडल उजवीकडं टेकवलं की क्लच आपोआप आणखी दाबला जात होता.

पुढच्या ब्रेकची केबल मात्र व्यवस्थित होती, आणि तिचं माप त्याच पद्धतीनं, सरळ हँडलवरच घेतलेलं होतं! पुतण्याचा गोंधळ इथं झाला: एकाच रीतीनं मापलेल्या दोन केबलींतली एक बरोबर, एक चूक, हे कसं? मी त्याला पुढच्या चाकापाशी बसवलं आणि हँडल फिरवलं. चाक धरणारा चिमटा फिरतो, चाक फिरतं, ब्रेकचा ड्रम फिरतो, हेडलाईटही फिरतो. म्हणजे पुढचा ब्रेक, मीटरची केबल, हेडलाईटच्या डब्यात जाणाऱ्या स्विचच्या वायरी, या सगळ्यांची दोन्ही टोकं हँडलबरोबर जातात; त्यांना वळणाचा त्रास नाही. ब्रेकच्या केबलला फक्त शॉकअप दबताना आणि सुटताना पुरेल एवढी सवड लागते. रेस आणि क्लच या दोघींचं मात्र एक टोक हँडलसोबत फिरतं आणि दुसरं इंजिनाला खिळलेलं. त्यांचं माप वळवलेल्या हँडलवर घ्यायचं. हे त्याला पाच मिनिटांत समजलं. मला उद्यमनगरात आल्यावर पहिल्या वर्षी एका उस्तादानं याच्यासाठी शिव्या घातल्या होत्या, ते मी त्याला सांगितलं नाही.

जे दिसत नव्हतं

इथपर्यंत सगळं अपेक्षित होतं. रेस केबलचा माग काढत टाकीखाली गेलो तेव्हा मात्र पोटात गोळा आला. आरएक्सची रेस केबल सरळ कार्बुरेटरला जात नाही. टाकीखाली ती एका छोट्या डबीत दुभागते: एक फाटा कार्बुरेटरला, दुसरा ऑईल पंपाला. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑईलचं मिळतं. आरएक्समध्ये ते वेगळ्या टाकीतून पंप देतो, आणि किती द्यायचं ते इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर मुठीवरही ठरतं. मूठ जास्त तर ऑईल जास्त.

दुकानदारानं दिलेली "लांबवाली" एकपदरी होती, डबीचा प्रश्नच नाही. पुतण्यानं ती थेट कार्बुरेटरला जोडली आणि पंपाचा फाटा गुंडाळून टेप मारून ठेवला. पंप बंद पडला नव्हता, तो सर्वांत कमी मात्रेवर अडकला होता. सपाट रस्त्यावर हळू जाताना तेवढं चालून जातं. डबल सीट, क्लच घसरतोय, मूठ पूर्ण पिळलेली, इंजिन तापलेलं आणि ऑईल संथ चालीच्या हिशेबाचं, असा तो जोतिबाचा घाट होता. ऑईलच्या टाकीत ऑईल काठोकाठ होतं. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

सायलेन्सर खोलला. आरएक्सच्या ब्लॉकला, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या सिलिंडरला, पुढून एक्झॉस्टचं भोक असतं, तिथून बॅटरी मारून किक हातानं फिरवली की पिस्टनची पुढची बाजू दिसते. दोन उभे ओरखडे. नख अडकेल न अडकेल इतके. चढण आणखी दोन किलोमीटर लांब असती तर पिस्टन आतच अडकून बसला असता, मागचं चाक जाम झालं असतं, आणि मग कट्ट्याची गोष्ट कुणी काढलीच नसती. भाऊ भोकातून बराच वेळ बघत राहिला. त्यानं विचारलं, "ब्लॉक काढायचा?" मी म्हटलं, ओरखडे एवढ्यावर थांबलेत, कॉम्प्रेशन चांगलं आहे, नको. ज्या गाडीचा ब्लॉक एकदाही उघडलेला नाही तो उगाच उघडू नये, हे माझं मत. दुसरा कुणी उघडेल, त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

हँडल स्वतः

आता मूळ पात्राकडं. क्लॅम्प आवळलेले होते, तरी मुठी धरून पुढं ढकलल्या की हँडल कुरकुरत फिरत होतं. मूळ हँडलच्या मधल्या भागावर, जिथं क्लॅम्प बसतो तिथं, बारीक चौकड्यांची खरखरीत पट्टी असते. लेथवाले तिला नर्लिंग म्हणतात. क्लॅम्प त्यावर दात रोवून धरतो. नव्या हँडलवर तिथंही गुळगुळीत क्रोम, आरशासारखं.

आणि उंचीचा हिशेब वेगळाच. ब्रेक मारताना माणूस मुठींवर समजा २० किलोचा भार पुढं टाकतो. मूळ ९ सेंटीमीटर उंचीवर क्लॅम्पला सोसावी लागणारी पिळ १८० किलो-सेंटीमीटर. २९ सेंटीमीटरवर तीच ५८०. तिपटीहून जास्त पिळ, आणि धरायला गुळगुळीत पाईप. मित्रानं मागून पाहिलेलं हँडलचं कलणं हेच होतं. यावर उपाय म्हणून थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून क्लॅम्पमध्ये घालणारे लोक मी पाहिलेत. अशांच्या मागं मी बसत नाही.

बाकी दोन गोष्टी पटकन. उजव्या टोकाला क्रोमचा थर असा चढला होता की व्हर्नियरनं २२.४ भरलं, मुठीचं प्लास्टिक नळकांडं घट्ट बसून मूठ सोडली तरी सावकाश मागं यायची. आणि स्विचच्या डबीत आतून एक छोटं टोक असतं, ते हँडलमधल्या भोकात बसतं म्हणजे डबी फिरत नाही. नव्या हँडलला भोक नव्हतं, म्हणून पोरांनी टोकच कानशीनं घासून टाकलं होतं. याचा मला केबलपेक्षा जास्त राग आला. भोक पाडायला पाच मिनिटं लागतात, टोक परत येत नाही.

दुरुस्ती

भावाचं म्हणणं, जुनं हँडल लावा आणि विषय मिटवा. पुतण्या गप्प. मधला मार्ग मीच काढला, आणि त्यात माझा स्वार्थ होता: पोरगं पुन्हा चोरून करणार, त्यापेक्षा माझ्यासमोर करू दे. उंची १७ सेंटीमीटरवर आणली, मुठींचं मागं ओढणं कमी केलं. पाठीसाठी तेवढं पुरतं, हे त्याला गाडीवर बसवून, भिंतीवर खडूनं मुठींची जागा आखून पटवलं.

पाईप २२ एमएम, जाड भिंतीचा घेतला. वाकवायच्या आधी लेथवर मधोमध नर्लिंग काढली. एकदा वाकला की पाईप लेथवर फिरत नाही, त्यामुळं क्रम महत्त्वाचा. मग आत कोरडी वाळू ठोकून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि वाकवायला दिला. वाळू नसली तर वळणावर पाईप चपटा होतो आणि नेमका तिथंच पुढं तडकतो. मूठ बसते ती दोन्ही टोकं क्रोमला न देता काळ्या रंगावर ठेवली. स्विचच्या डबीचं टोक गेलेलंच होतं; त्याजागी बारीक स्क्रू बसवून हँडलला भोक पाडलं.

केबलींसाठी सुतळी पुन्हा काढली. या वेळी पुतण्यानं हँडल डावीकडं टेकवून धरलं, मी सुतळी खऱ्या वाटेनं नेली, कोपऱ्यावर मोकळी वळणं ठेवून. मग उजवीकडं टेकवून. दोन्हींतलं मोठं माप घेतलं. सरळ आणि डावीकडं टेकवलेलं यांत जवळजवळ पाच सेंटीमीटरचा फरक निघाला. पुतण्यानं जादा धरलेले दोन इंच म्हणजे तेवढेच होते, तो म्हणाला; पण त्याचं हँडल याहून उंच आणि मागं ओढलेलं होतं, तिथं फरक आणखी मोठा.

केबल करून देणारा माणूस जुना, जपून काम करणारा. त्याला रेसची मूळ केबल नमुन्याला दिली. लांबी बाहेरच्या कव्हरची वाढवायची आणि आतली तार बरोबर तेवढ्यानंच; तार कव्हराबाहेर जेवढी उरते तो आकडा मूळचाच राहिला पाहिजे. तो बिघडला तर ॲडजस्टर काही करू शकत नाही. मूठ ते टाकीखालची डबी एवढाच भाग त्यानं लांब केला, डबीनंतरचे दोन्ही फाटे मूळ मापाचेच ठेवले. तारेचं टोक निपलमध्ये, म्हणजे टोकाच्या गुंडीत, घालून त्यानं ते फुलासारखं पसरवलं, मग डाग दिला. नुसत्या डागावर विसंबलेली निपल एक दिवस हातात येते.

पंपाचा फाटा जोडून पंपाच्या पुलीवरची खूण पिनेसमोर जुळवली. तरी खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीला पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑईल वरून मिसळलं. पुतण्याच्या मागं निळ्या धुराचा पट्टा जायचा, गल्लीनं बोलून घेतलं.

क्लच प्लेटा काढून पाहिल्या. करपलेल्या होत्या, बदलल्या. वायरींचे पीळ सोडवून डाग दिले, वर नळी चढवली. क्लॅम्पचे चारही बोल्ट टॉर्क पान्यानं २० न्यूटन-मीटर, आधी पुढचे, मग मागचे. दुसऱ्या दिवशी ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाना लावला. एक बोल्ट पाव फेरा बसला.

खर्च: पहिलं हँडल १,४०० रुपये वाया. दुरुस्तीला प्लेटा, केबली, पाईप, क्रोम मिळून साडेतीन हजारांच्या आसपास, माझी मजुरी सोडून. कट्ट्याला सिमेंट वेगळं.

कागदाची बाजू

पुतण्याला मी एक गोष्ट आधीच सांगितली: यंत्र म्हणून हे हँडल आता ठीक आहे, कायदा म्हणून मी हमी देत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीच्या नोंदणीतला तपशील कारखान्यानं ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-ए प्रमाणं परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालक म्हणजे कागदावर ज्याचं नाव तो. इथं माझा भाऊ, ज्यानं हँडलला हातही लावला नव्हता. हे ऐकून पुतण्या पहिल्यांदा खरा ओशाळला. अपघाताचा विमा मागायची वेळ आली तर असा बदल आड येऊ शकतो, ही आणखी एक गोष्ट.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. १९९४ ची गाडी, म्हणजे पुढची पाळी २०२९. भावाची अट अशी की तेव्हा गाडी मूळ रूपात जाईल. शिवाय मधल्या काळात कुणी हटकलं तर दंड पुतण्याच्या पगारातून.

दोन महिन्यांनी गाडी पुन्हा जोतिबाला गेली, या वेळी भाऊ चालवत आणि पुतण्या मागं. निघण्याआधी भावानं अंगणात किक मारली, गाडी न्यूट्रलला ठेवून हँडल एकदा डावीकडं टेकवलं, एकदा उजवीकडं, आणि मान तिरकी करून आवाज ऐकला. मग खाली वाकून पंपाच्या झाकणाकडं बघितलं, जणू ते झाकणातून दिसतं. जुनं हँडल आणि मूळच्या तिन्ही केबली माळ्यावर आहेत, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, वर पुतण्याच्या अक्षरात चिठ्ठी: "२०२९. काकांना विचारून."